गांजाची तलफ आली की तिच्याशी भांडू नको, तिच्याकडं बघत बस

गांजा सोडतो म्हटलं की घरचे म्हणतात मन घट्ट कर, अन् मग पोट्टं दातओठ खाऊन दोन दिवस काढते अन् तिसऱ्या दिवशी पुन्हा पुलावर चिलीम घेऊन बसते. माइंडफुलनेसची, म्हणजे मनात-अंगात जे चाललं ते शांतपणे बघत राहायच्या ध्यानाची, रीत वेगळी आहे भाऊ. तलफ दाबायची नाही अन् तिच्या मागंही जायचं नाही. ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तलफेला समुद्राच्या लाटेसारखं पाहायला शिकवलं, आपल्याकडं समुद्र कुठला, तर नाल्याचा पूर समज, चढते तसा उतरते, आपण फक्त काठावर थांबायचं.

पहिले तलफ कधी येते ते लिहून काढ. बहुतेक वेळ ठरलेली असते, वावरातून आल्यावर, नाहीतर रात्रीच्या लाइनीवर ओलित करायला गेलं की, किंवा ठेल्यावर तेच दोस्त भेटले की. त्या वेळेच्या आधीच दहा मिनिटं बसायचं, श्वास येते-जाते तिकडं लक्ष, मन भटकलं की शिव्या न देता परत आणायचं. गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं सकाळचं सामुदायिक ध्यान होत असेल तर तिथंच जाऊन बस, एकट्यानं बसणं लय जड जाते.

अन् तलफ आलीच तर आहे तिथं थांब. अंगात कुठं जाणवते पाहा, घसा, छाती, हाताची चुळबुळ. तीनचार श्वास सावकाश घे, मग अख्ख्या अंगाकडं लक्ष ने, अन् मगच ठरव काय करायचं ते. बिडीचा तंबाखू मिसळून ओढत असशील तर ही तलफ अर्धी तंबाखूची पण असते, म्हणून गांजा सोडून तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला तर भागत नाही, तंबाखूची तलफ तशीच राहते.

पहिला आठवडा सगळ्यात वाईट जाते हे आधीच माहीत असू दे. चिडचिड, घाम, भूक मरणे, झोप नाही अन् आली तर भलतीच स्वप्नं. साधारण दोनेक आठवड्यात बरंच उतरते, झोपेला मात्र जास्त वेळ लागू शकते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नुसतं ध्यान म्हणजे पूर्ण इलाज नाही. गांजाची सवय सोडवणारं खास मंजूर औषध अजून नाही, मुख्य काम समुपदेशनाचंच आहे, ध्यान त्याच्या जोडीला. अन् ज्याला आवाज ऐकू येतात, लोक मागावर आहेत असं वाटते, त्याला डोळे मिटून बसवू नका, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला तर अजिबात पाठवू नका, सरळ जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं न्या. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीचा 14446 अन् टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416, दोन्ही फुकट.

घरच्यांनी रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणं बंद करावं, त्या ताणानंही तलफ येऊ शकते. अन् एखाद दिवशी ओढलाच तर त्याच रात्री पुन्हा दहा मिनिटं बसायचं, सोमवारपासून वगैरे नाही.