खोलीतल्या उजेडाचा अंदाज: या चुका टाळा

एकूण लुमेन (दिव्यातून निघणारा उजेड) भागिले क्षेत्रफळ, झाले लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड)! एवढ्यावर आकडा सांगून मोकळे होणारे नेहमी भेटतात. तीन बाय तीन मीटरची खोली, प्रत्येकी 2000 लुमेनच्या दोन बॅटन (लांब पट्टीदिवे), उत्तर 444 लक्स. कागदावर झकास. पण लहान खोलीत बराचसा उजेड टेबलाआधी भिंतीवर आपटतो. म्हणून खोलीचा निर्देशांक काढायलाच हवा: (लांबी गुणिले रुंदी) भागिले (लांबी आणि रुंदीची बेरीज गुणिले दिवा ते टेबल उंची). छत 3 मीटरवर, टेबल 0.8 वर, म्हणजे उंची 2.2 आणि निर्देशांक 0.68. एवढ्या लहान निर्देशांकाच्या खोलीत मी उपयोग गुणांक, म्हणजे टेबलापर्यंत पोचणारा उजेडाचा हिस्सा, 0.4 च्या वर धरत नाही, तोही भिंती पांढऱ्या असल्या तरच. दिवे जुने आणि मळके झाल्यावर उरणारा हिस्सा, म्हणजे देखभाल गुणांक, 0.8 धरला की उरतात 142 लक्स. घाई करणाऱ्यांना हा आकडा आवडत नाही.

भिंतीचं तर विचारूच नका. फोंड्याजवळ जुन्या घरात एवढ्याच खोलीत हिशेबनिसाचं ऑफिस झालं. गणित पांढऱ्या गिलाव्याचं. मग मालकांना भिंतीचा चिरा (जांभा दगड) उघडा ठेवायची हौस आली. छतही काढलं, वर मंगळुरी कौलं दिसायला लागली, दिवे चढले तुळईवर. उंची 2.9, निर्देशांक 0.52. चुन्याची भिंत जेवढा उजेड परत देते त्याच्या निम्माही तांबडा चिरा देत नाही. आकडेमोड पुन्हा कोणी केली नाही. टेबलावर लक्समीटर शंभरी गाठेना, तेव्हा सजावट करणाऱ्या पोराने दिवे दुप्पट केले. उजेड वाढला, पण हिशेबनीस डोळ्यांवर हात धरून बसायला लागले. शेवटी मी दिवे दोरीने खाली घेतले, टेबलामागची भिंत चुन्याने रंगवायला लावली आणि टेबलदिवा दिला. मालक चिऱ्यासाठी हळहळले. हळहळू देत.

वॅट पाहून उजेड ठरवू नका, लुमेन वाचा.

स्पॉटलाइटना हे सूत्र लावू नका.

खिडकीला जाळी नसेल तर देखभाल गुणांक 0.7 धरा. आपल्या पावसाळ्यात झाकणात किडे साठतात आणि भिंतीवर बुरशी चढते.

मोजणी रात्री करा. दिव्याखाली एकदा मोबाईल धरला म्हणजे सरासरी होत नाही. मी टेबलाच्या उंचीवर नऊ ठिकाणी मोजतो, आपली सावली मीटरवर पडू न देता. तरी आकडा जुळला नाही, तर आधी फीतपट्टीने दिव्याची उंची मोजा आणि गणितानंतर आत आलेलं कपाट शोधा.