उजनीचा आकडा बघून निर्धास्त राहू नका: सोलापुरात पुराच्या तयारीत होणाऱ्या चुका

ऑगस्टमध्ये सोलापुरात कुणालाही विचारा, उजनी धरणाच्या साठ्याचा आकडा तोंडपाठ असतो. मायनसमधून प्लसमध्ये (म्हणजे मृतसाठ्याच्या वर) कधी आली, दौंडचा विसर्ग (म्हणजे धरणात येणारं पाणी) आज वाढला की घटला, सगळं चहाच्या टपरीवर कळतं. साहजिक आहे. नळाला पाणी किती दिवसांआड येणार ते त्याच आकड्यावर ठरतं. गोची अशी की प्यायला पाणी पुरेल का हे सांगणारा आकडा आपण घरात पाणी शिरेल का हे ठरवायलाही वापरतो. पुढच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात.

नजर चुकीच्या नदीवर

उजनी भीमेवर आहे. तिच्यात येतं ते पुणे जिल्ह्यातल्या धरणांचं पाणी. उजनीतून सोडलेलं पाणी नीरा नरसिंहपूरला नीरेला भेटतं, तिथं वीर धरणाचं पाणी मिळतं आणि मग दोन्ही मिळून पंढरपुरात शिरतात. तिथला पूर बहुतेक वेळा सांगून येतो. विसर्गाचे आकडे आधी जाहीर होतात, जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, काठावरच्या वस्त्या हलवल्या जातात. पंढरपूरकरांना याची सवय आहे.

सोलापूर शहर भीमेच्या काठावर नाही. शहराच्या जवळून जाते ती सीना: पश्चिमेला तिऱ्ह्याजवळून, मग दक्षिणेला विजयपूर रस्त्यावर वडकबाळजवळून, आणि पुढं कुडलला भीमेला मिळते. सीनेच्या पुराचं पाणी उजनीतून येत नाही. ते नगर जिल्ह्यातून, परंड्याजवळच्या सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून आणि बार्शीकडून येणाऱ्या भोगावतीतून येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये हे सगळं एकदम सुटलं. माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतली गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद झाला, वडकबाळला विजयपूरचा रस्ता बंद झाला. उजनीच्या आकड्यावर लक्ष ठेवून बसलेल्यांना यातलं काहीच आधी दिसलं नसतं.

तेव्हा सप्टेंबरात उजनीबरोबर कोळेगावचा विसर्गही बघा. आणि दोन एककांची गल्लत करू नका. टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे सेकंदाला किती पाणी सुटतंय ते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी निघून जातं. ‘धरण १०० टक्के’ या बातमीत पुराबद्दल फारसं काही नसतं. दरवाजे किती उघडले यात असतं.

आदिलाला नाला समजणं

शहरात खरा त्रास देते ती आदिला. कागदोपत्री नदी, तोंडी नाला. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव, म्हणजे १८७१ मध्ये बांधलेला एकरूख तलाव, याच आदिलावर आहे. तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की लोक कौतुकानं बघायला जातात, फोटो काढतात. ते पाणी पुढं शहराच्या कडेनंच सीनेकडं जायचं असतं, हे त्या फोटोत येत नाही. वर तलाव ओसंडतोय आणि त्याच रात्री शहरावर मोठा पाऊस झाला तर शेळगीसारख्या भागात पाणी घरात येतं. हिप्परगा भरला हा नाल्याकाठच्या वस्तीसाठी इशारा आहे. सहलीचा बेत नंतर करा.

शहरावर पडणाऱ्या पावसाचाही अंदाज चुकतो. ‘आपल्याकडं पाऊसच कुठं पडतोय ओ’ हे वाक्य इथं वर्षभर चालतं, आणि वर्षाची सरासरी बघितली तर खरंही आहे. पण आपला सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर आहे आणि तो पाऊस पुरवून पुरवून पडत नाही. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात. १०० मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे प्रत्येक गुंठ्यावर एक मोठा टँकर रिकामा केल्यासारखं. खाली काळी माती. एकदा फुगली की पाणी आत घेत नाही. वर सगळीकडं काँक्रीट. पाण्याला जायला नालाच उरतो, आणि त्या नाल्यात आपण काय काय टाकून ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

मे महिन्यातली नालेसफाई

मेमध्ये पोकलेन येतो, गाळ निघतो, तो काठावरच ढीग करून ठेवला जातो. जूनच्या पहिल्या पावसात तो ढीग पुन्हा नाल्यात. हे बघूनही कुणी काही बोलत नाही, कारण ‘काम झालंय’. गाळ उचलून नेला का, एवढा एकच प्रश्न आपल्या नगरसेवकाला किंवा विभागीय कार्यालयाला लेखी विचारा. फोटो जोडा, तारीख टाका.

त्याहून मोठी चूक म्हणजे एकदाच सफाई करणं. आपला जोराचा पाऊस सप्टेंबरात, आणि तोवर नाल्यात कंबरेएवढं गवत आणि वेड्या बाभळी वाढलेल्या असतात. वर गणपतीतलं निर्माल्य, मखरांचे तुकडे. सफाई दुसऱ्यांदा हवी ती गौरी-गणपती उठल्या उठल्या. सगळा नाला साफ करणं कुणाला जमत नसेल तर निदान मोऱ्या बघा. रस्त्याखालची पाइपची मोरी जिथं आहे तिथंच पाणी तुंबतं. एक गादी किंवा ताडपत्रीचा तुकडा अडकला तरी पुरतो. गल्लीतल्या चार जणांना घेऊन पावसाआधी मोरीचं तोंड मोकळं करून ठेवा. मात्र पाणी वाहत असताना तिथं उतरू नका, काठी घेऊनसुद्धा नाही. मोरीच्या तोंडाशी ओढ जबर असते.

जोत्यावर विश्वास

‘आमचं जोतं उंच आहे’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा दारात उभं राहून रस्ता बघावा. जुना थर न खरवडता वर नवा थर टाकत गेल्यामुळं अनेक गल्ल्यांत रस्ता वर आणि घर खाली अशी गत झालीय. वीस वर्षांपूर्वी तीन पायऱ्या चढून जायच्या घरात आता एक पायरी उतरून जावं लागतं. नवा रस्ता मंजूर झाला की काम सुरू व्हायच्या आधी गल्लीनं मिळून जुना थर काढायचा आग्रह धरायला हवा. नंतर ओरडून उपयोग नसतो.

हौद विसरणं

ही सोलापूरची खास चूक, म्हणून जरा सविस्तर. पाणी रोज येत नाही, त्यामुळं घरोघरी जमिनीत हौद आहे आणि त्याचं झाकण अंगणात, जमिनीच्या पातळीला. पुराचं पाणी घरात शिरायच्या कितीतरी आधी हौदात शिरतं. वरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी मोटार लावून तेच पाणी छतावरच्या टाकीत चढवलं जातं आणि आठवड्याभरात घरात सगळ्यांना जुलाब सुरू होतात.

करायचं असं. उन्हाळ्यातच हौदाच्या तोंडाला वीतभर उंच कट्टा बांधून घ्या, गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. झाकण घट्ट बसणारं हवं. जोराच्या पावसाचा इशारा असेल तर छतावरची टाकी आधी भरून घ्या, म्हणजे हौद गेला तरी दोन-तीन दिवस निघतात.

हौदात पाणी शिरलंच तर ते वापरायचं नाही, ‘निवळलंय’ असं वाटलं तरी. सगळं पाणी आणि तळाचा गाळ काढा, भिंती ब्रशनं घासा. मग स्वच्छ पाणी भरून दर हजार लिटरमागं साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी हौदात ओता. दिवसभर तसंच ठेवून सगळं पाणी टाकून द्या आणि हौद धुऊन मगच प्यायचं पाणी भरा. हौदात एकट्यानं उतरू नका. बंद हौदात गुदमरायला होतं. तुरटी फिरवून पाणी स्वच्छ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. उकळा किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाका. बोअरचं तोंड बुडालं असेल तर त्या पाण्यालाही हेच लागू.

पाणी दारातूनच येतं असं समजणं

दाराला वाळूची पोती लावली, फटीत चिंध्या कोंबल्या, आणि पाणी संडासातून वर आलं. ड्रेनेजचे चेंबर भरले की तळमजल्याच्या भांड्यातून आणि बाथरूमच्या जाळीतून उलटं पाणी येतं, आणि ते सगळ्यात घाण असतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती भांड्यात आणि जाळीवर दाबून ठेवा. कायमचा उपाय हवा असेल तर प्लंबरकडून घराबाहेर जाणाऱ्या लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो दर उन्हाळ्यात उघडून साफ करायचा असतो, नाहीतर नेमका पावसात अडकतो.

मीटर खाली, माल जमिनीवर

पाणी उंबऱ्याला लागलं की मेन स्विच बंद. पाण्यात उभं राहून नव्हे, पाणी आत यायच्या आधी. बोर्ड गुडघ्याच्या उंचीवर असेल तर या वर्षी वर घ्या.

पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचं नुकसान होतं ते मुख्यतः मोटारीचं आणि सुताचं. माग उचलता येत नाही, पण सुताची पोती, कोन आणि तयार चादरी-टॉवेलचे गठ्ठे लाकडी घोडीवर दोन फूट वर ठेवता येतात. शनिवारी कारखाना बंद करताना सगळं खाली सोडून जायची सवय सप्टेंबरपुरती तरी मोडा. मोटार बुडाली असेल तर पंख्यासमोर ठेवून ‘वाळली’ म्हणत चालू करू नका. वाइंडिंगवाल्याकडून तपासून घ्या, नाहीतर ती जळते.

विडी कामगार बायकांचं नुकसान कुणी मोजतही नाही. कारखान्यातून आणलेली पानं आणि तंबाखू बहुधा खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर, ओल्या फडक्यात असतात. पाणी शिरलं की ती मजुरी गेली. एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि भिंतीतली फळी, इतकंच पुरेसं आहे. विडी कार्ड, रेशनकार्ड, आधार आणि पासबुक त्याच डब्यात, पिशवीत गुंडाळून.

‘एवढ्याशा पाण्याला काय होतंय’

पुलावरून पाणी वाहतंय आणि पलीकडून एक जण दुचाकी घालून आला, की मागून दहा जण घालतात. वाहत्या दोन फूट पाण्यात चारचाकीसुद्धा तरंगते. पाण्याखाली रस्ता उरलाय का हे वरून दिसत नाही. लांबोटी, वडकबाळ, तिऱ्हे इथं बॅरिकेड लागलं असेल तर थांबा. एसटी थांबलीय तर तुम्हीही थांबा. मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आधी धुणं, मग रडणं

पाणी ओसरलं की आपल्या घरातल्या बाया पहाटेच उठून घर धुवायला लागतात. संध्याकाळी तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा घर लख्ख असतं आणि ‘तुमच्याकडं पाणी आलं होतं?’ असा प्रश्न येतो. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, फ्रीज, माग, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा, मोबाइलमध्ये तारीख बरोबर आहे ना ते बघा. भिजलेली गादी फेकण्याआधी तिचाही फोटो. पंचनाम्यावर सही करताना काय लिहिलंय ते वाचा, आणि त्या कागदाचाही फोटो ठेवा.

गाडी बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी असताना चालू करायचा प्रयत्न केला की इंजिन फुटतं, आणि ते नुकसान साध्या विम्यात बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. बॅटरीची वायर काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी ओढून गॅरेजला न्या. दुचाकीलाही हेच.