'पुट मी थ्रू' म्हणजे काय? कानावर पडणारं इंग्रजी आपलंसं कसं करावं

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, मग ठाण्यातच कॉमर्स केलं. पहिली नोकरी लागली ती ऐरोलीतल्या एका ऑफिसात, फ्रंट डेस्कवर. पहिल्याच आठवड्यात एक फोन आला, 'कॅन यू पुट मी थ्रू टू अकाउंट्स?' 'पुट' मला पाचवीपासून येत होतं, 'थ्रू' येत होतं, अकाउंट्स तर तीन वर्षं शिकले होते. तरी वाक्य कळलं नाही. दोनदा 'सॉरी?' विचारलं आणि पलीकडून फोन ठेवला गेला. फोन अकाउंट्सला जोडून द्या, एवढंच त्या माणसाला म्हणायचं होतं.

त्या दिवशी शब्दांच्या याद्या पाठ करणं सोडलं. मायकल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने, ज्याने अनेक वर्षं बंगालमध्ये शिकवलं, १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी छापली. ती यादी आज चाळली तर दहावी झालेल्या कुणालाही त्यातले बरेचसे शब्द ओळखीचे वाटतील. आपलं अडतं ते हे साधे शब्द एकमेकांना चिकटून वेगळाच अर्थ देतात तिथे. म्हणून शिकायची ती जोडी, आणि तीही बोलणाऱ्याच्या तोंडून. गेली काही वर्षं मी कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणींबरोबर हेच करते आहे. पद्धत सांगते.

आधी ऐकायची एक जागा ठरवा. एकच. ऑफिसातली सकाळची मीटिंग, मुलांच्या शाळेतली पालकसभा, कस्टमर केअरचा फोन, नाहीतर मोबाइलवरची दोन मिनिटांची मुलाखत. अगदीच सुरुवात असेल तर ठाणे स्टेशनवरची घोषणा घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी असं तेच तीनदा सांगतात, म्हणजे अर्थ आधीच हातात असतो आणि कान फक्त इंग्रजीवर ठेवायचा. एक लक्षात असू द्या. 'धिस ट्रेन विल नॉट हॉल्ट ॲट' ही घोषणेची भाषा आहे. शेजारी उभी असलेली मुलगी मैत्रिणीला 'इट डझंट स्टॉप देअर' म्हणेल. तुम्हाला उचलायचं आहे ते तिचं वाक्य.

मग वही. छोटी, पर्समध्ये मावेल अशी. ऐकलेलं लगेच, आणि देवनागरीतच लिहा. स्पेलिंगच्या मागे लागलात तर वाक्य निसटतं. 'लेट मी' हे बोलताना 'लेमी' होतं, 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं, 'व्हॉट डू यू'चं 'वॉड्यू'. कानाला 'लेमी चेक' आलं तर तसंच लिहा. स्पेलिंग घरी गेल्यावर बघू. शेजारी कोण कुणाला म्हणालं तेही टिपा, कारण मैत्रिणीशी जे चालतं ते साहेबांशी चालेलच असं नाही.

पुढची पायरी सगळ्यात मोलाची, इथे घाई करू नका. त्या वाक्याखाली मराठी लिहायचं, पण शब्दकोशातला अर्थ लिहायचा नाही. त्या क्षणी, त्या माणसाला आपण मराठीत काय म्हणालो असतो ते लिहायचं. आपलं 'लागणे' घ्या. फोन लागत नाहीये, 'आय कान्ट गेट थ्रू'. वेळ लागेल, 'इट विल टेक टाइम'. सवय लागली, 'आय गॉट यूज्ड टू इट'. भूक लागली, 'आय ॲम हंग्री'. मराठीत चारही ठिकाणी एकच क्रियापद, इंग्रजीत चार तऱ्हा. 'लागणे'ला इंग्रजीत काय म्हणतात, असा प्रश्न घेऊन बसलं तर उत्तर कधीच मिळणार नाही. उतरण्याचंही तसंच. ट्रेनमधून, बसमधून 'गेट ऑफ', कारमधून 'गेट आउट ऑफ'. आणि 'बंद कर' तर घरोघरी चुकतं: दार 'क्लोज' होतं, पंखा मात्र 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' करायचा असतो.

अर्थ अंदाजाने ठोकून देऊ नका. आमच्या मजल्यावरच्या वहिनी पालकसभेहून आल्या त्या थेट माझ्याकडे.

"अगं, बाई म्हणाल्या, ही इज कमिंग अलाँग नाइसली. हा तर स्कूलबसने येतो, बरोबर कोण येणार?"

"वहिनी, कमिंग अलाँग म्हणजे सुधारतोय, प्रगती आहे त्याची."

"असं होय! मी आपली गप्प बसले."

तिथेच 'सॉरी, व्हॉट डज दॅट मीन?' विचारलं असतं तर बाईंनी आनंदाने सांगितलं असतं. विचारण्यात कमीपणा नाही, हे मी फोन ठेवला गेल्यावर शिकले. विचारायला माणूस नसेल तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश उघडा आणि 'कम' नाही, 'कम अलाँग' असं पूर्ण शोधा. तिथे उच्चारही ऐकायला मिळतो.

दिवसाला तीन जोड्या पुरे. पाचच्या वर मी कुणालाच जाऊ देत नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर तो वेग मंदावतो. म्हणून त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने असं चार वेळा पान उघडायचं. इंग्रजी हाताने झाकायचं, मराठी वाचायचं आणि मोठ्याने बोलायचं. ठाणे-वाशी लोकलचा अर्ध्या तासाचा प्रवास याला भरपूर झाला. बसायला मिळालं नाही तरी मनातल्या मनात म्हणता येतं.

नुसती उजळणी मात्र पुरत नाही, ती जोडी त्याच दिवशी खऱ्या कामात वापरायला हवी. मी आणि वहिनी रात्री पाच मिनिटं फोनवर बोलतो. विषय घरातलाच असतो. 'इज द लिफ्ट वर्किंग?' 'नॉट येट. दे आर लुकिंग इन्टू इट.' हे 'लुकिंग इन्टू इट' त्यांनी इंटरनेटवाल्यांच्या फोनवरून उचललेलं. 'आम्ही बघतोय' हे आपण दिवसातून दहादा म्हणतो, त्यामुळे ते त्यांच्या तोंडात चटकन बसलं. तुमच्या घरात जे रोज बोललं जातं त्याच्याशी जुळणारं आधी घ्या. ऐटदार वाटलं म्हणून घेतलेलं वहीतच राहतं.

आपल्याकडच्या इंग्रजीची लाज बाळगायचं कारण नाही. 'प्रीपोन' (ठरलेल्या वेळेच्या आधी घेणे) हा भारतात रुळलेला शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. 'आउट ऑफ स्टेशन' म्हटलेलं ठाण्यात सगळ्यांना कळतं, तिथे खुशाल म्हणा. परदेशातल्या क्लायंटशी बोलताना तेवढं 'आउट ऑफ टाउन' म्हणा, कारण तो स्टेशन म्हणजे रेल्वेचंच समजेल.

वहीतली एखादी जोडी आठवावी न लागता आपसूक तोंडातून निघाली की त्या ओळीवर रेघ मारायची. माझ्या पहिल्या वहीत 'पुट मी थ्रू'वर रेघ आहे. पलीकडून तेच वाक्य आलं, 'शुअर, पुटिंग यू थ्रू' म्हणून मी फोन अकाउंट्सला जोडला, आणि मग वही उघडली.