नागपुरात आरमारावर व्याख्यान द्यायचं असेल तर

हॉल, माईक, प्रोजेक्टर तुम्ही बघितलंच असेल. मे महिना टाळा. पत्रिकेत साडेसहा छापा आणि पावणेसातला सुरू करा.

विषय लहान घ्या. ‘मराठ्यांचं आरमार’ तासाभरात मावत नाही, १६७९ची खांदेरीची लढाई (अलिबागजवळचं बेट, मराठे विरुद्ध इंग्रज) मावते.

‘लोकांना आधी जहाजांचे प्रकार दाखवा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सुरुवात भोसल्यांपासून करा. १७५१ ते १८०३ ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, म्हणजे बालेश्वर बंदरही. ‘आपलाही समुद्र होता’ म्हटलं की मागच्या रांगा सरसावून बसतात. दोन मिनिटं पुरे, मग थेट खांदेरी.

आता खरी अडचण : वारा. पहिल्या व्याख्यानात मी गुराब, गलबत, मचवा असे जहाजांचे सगळे प्रकार चित्रांसकट दाखवले. शेवटी एका आजोबांनी विचारलं, “इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या, बेटाला नाकेबंदी. मग आपले मचवे रात्री रसद घेऊन शिरायचे कसे?” मी ‘गनिमी कावा’ म्हणून वेळ मारून नेली. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यांना पटलं नव्हतं हे मला स्टेजवरून दिसत होतं.

चूक माझीच. आपल्याकडे जहाज म्हणजे पाण्यावरचा ट्रक : वळवला की वळला, दाबला की पळाला. हे डोक्यातून काढल्याशिवाय एकही सागरी लढाई समजत नाही, आणि ते बोलून निघत नाही. म्हणून परात न्या. पाणी, थर्माकोलची होडी, कागदाचं शीड, हातपंखा. वर मोबाइल धरून चित्र पडद्यावर टाका, नाहीतर तिसऱ्या रांगेच्या मागे कोणाला काही दिसत नाही. हॉलमधला कूलर आधी बंद करा. एकदा त्याच्याच वाऱ्यानं माझी होडी भलतीकडे गेली आणि लोक हसत बसले. टेबलफॅन तर नकोच, पाणी वायरींवर उडतं.

मागून वारा घाला, होडी जाते. समोरून घाला, मागे सरते. पंखा थांबवा आणि गप्प बसा. होडी नुसती तरंगते. ही शांतता अर्धा मिनिट टिकू द्या, घाई करू नका. मग पेन्सिलीनं होडी ढकला : हे वल्हं. शाळेतले खारे वारे, मतलई वारे इथेच आठवून द्या. दिवसा वारा समुद्रावरून, रात्री जमिनीवरून, आणि मध्ये कधी पडलेला. मोठ्या शिडाच्या जहाजाला वारा हवा, खोल पाणीही हवं, खांदेरीभोवती खडक. उथळ बुडाच्या वल्ह्याच्या मचव्याला दोन्हीची तेवढी फिकीर नाही. आजोबांचं उत्तर एवढंच होतं.

अंतर सांगताना मैल नकोत. थळच्या किनाऱ्यापासून खांदेरी साधारण सीताबर्डी ते अंबाझरी तलाव एवढी. भरतीचंही तसंच : मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, म्हणजे घराचा एक मजला बुडून पुन्हा वर येतो.

मग १८ ऑक्टोबर १६७९ची पहाट सांगा. मराठ्यांच्या वल्ह्याच्या होड्या चालून आल्या, इंग्रजांची ‘डव्ह’ गुराब हाती लागली, ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिली. ते ‘मात्र’ गाळू नका. नुसता जयजयकार करणाऱ्या वक्त्याला प्रश्नोत्तरात लोक सोडत नाहीत.

जंजिरा का पडला नाही, हा प्रश्न येणारच. तयारी ठेवा. आणि परात स्टेजवरून स्वतः उचला, बाकी कोणी उचलली की सांडते.