खूप चाललेली डिझेल पिकअप: पारख आणि देखभाल

तीन लाख किलोमीटर चाललेली डिझेल पिकअप पाहायला जाणाऱ्याचे लक्ष आधी मीटरच्या आकड्याकडे जाते. इंजिनाची खरी झीज मात्र ते किती तास, किती ओझ्याखाली आणि किती वेळा थंड अवस्थेतून सुरू झाले, यावर अवलंबून असते. ज्या गाड्यांच्या संगणकात इंजिनाचे एकूण तास नोंदलेले असतात, त्यांच्या बाबतीत किलोमीटरना तासांनी भागून पाहावे. ३,००,००० किलोमीटर ६,००० तासांत झाले असतील तर सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर येतो, आणि अशी गाडी बहुतांश मोकळ्या रस्त्यावर धावलेली असते. तेच अंतर १५,००० तासांत झाले असेल तर सरासरी २० वर येते. म्हणजे गाडी तासन्‌तास जागेवर सुरू उभी होती किंवा सतत गर्दीतून चालली, आणि तिचे इंजिन मीटर सांगतो त्याहून पुष्कळ अधिक वापरलेले आहे. तासांची नोंद मिळत नसेल तर ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगची पकड आणि चालकाच्या आसनाची दाराकडची कड पाहावी. मीटर मागे फिरवता येतो, पण या तीन जागांची झीज लपवणे कठीण असते.

पाहणीसाठी इंजिन पूर्ण थंड असताना जावे आणि विक्रेत्याला तसे आधीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट असेल तर पाहणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली गेल्याने जी उष्णता निर्माण होते तिच्यावरच इंधन पेटते, म्हणून पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचे लायनर (आतले अस्तर) किंवा व्हॉल्व्ह झिजून कंप्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची क्षमता, कमी झाली असेल तर ते सर्वात आधी थंड इंजिन सुरू करताना कळते. निरोगी इंजिन ग्लो प्लगचा (थंड सिलिंडर आधी तापवणाऱ्या विजेच्या कांडीचा) दिवा विझल्यावर लगेच पकडते. बराच वेळ स्टार्टर मारावा लागणे, सुरू झाल्यावर एखादा सिलिंडर चुकल्यासारखे इंजिन थरथरणे आणि पांढरा धूर सोडत राहणे ही कमी कंप्रेशनची, बिघडलेल्या इंजेक्टरची किंवा निकामी ग्लो प्लगची लक्षणे आहेत. यांपैकी ग्लो प्लगचे काम किरकोळ, पण पहिल्या दोहोंचे खर्चिक. त्यामुळे नेमके कारण कळल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.

धुराचा रंग बरेच काही सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त: चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोनंतरच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यानंतरच्या) पाइपातील गळती किंवा टपकणारा इंजेक्टर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी इंजिन पुन्हा थंड असताना सुरू करून रेडिएटरचा वरचा पाइप दाबून पाहावा. पाणी तापण्याआधीच तो कडक झाला तर ज्वलनाचा दाब हेड गॅस्केटमधून (सिलिंडरवरील झाकणाखालच्या पॅकिंगमधून) किंवा तडकलेल्या हेडमधून कूलंटमध्ये येत असतो. रेडिएटरचे झाकण गरम अवस्थेत कधीही उघडू नये.

यानंतर इंजिन मंद गतीने चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तोंडावर उलटे ठेवावे. थोडीशी वाफ दिसणे जुन्या इंजिनात स्वाभाविक आहे. परंतु झाकण उडून पडत असेल किंवा धुराचे लोट बाहेर येत असतील, तर ज्वलनाचा वायू रिंगांमधून खाली झिरपतो आहे आणि इंजिन उघडण्याची वेळ जवळ आली आहे. शंका उरली तर कंप्रेशनची चाचणी करून घ्यावी. सर्व सिलिंडरचे आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एकच सिलिंडर मागे पडलेला असणे हे सर्व थोडे थोडे झिजलेले असण्यापेक्षा वाईट लक्षण मानावे.

डिपस्टिकवरील काळे ऑइल पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण डिझेल इंजिनात नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काजळीने काळे होते. उलट अगदी सोनेरी ऑइल दिसले तर ते आताच का बदलले, हे विचारावे. पातळी वरच्या खुणेपेक्षा जास्त असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरत आहे, आणि पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरेसे संरक्षण देत नाही. एक तपासणी फार थोडे लोक करतात, पण ती प्रत्येकाने करावी असे मला वाटते: एअर फिल्टर काढून त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरवावे. तिथे माती लागली तर गाडी कितीही चकचकीत असली तरी ती सोडून द्यावी, कारण त्या मातीने टर्बोची पाती आणि सिलिंडर दोन्ही घासलेले असतात.

कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या इंजिनात, ते सुमारे १,६०० ते २,५०० बार इतक्या दाबाने फवारले जाते. पंपातील आणि इंजेक्टरमधील भागांमध्ये काही मायक्रॉनचेच अंतर असते, त्यामुळे पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरासुद्धा त्यांना संपवू शकतो. खूप चाललेल्या गाडीत सर्वात मोठा खर्च बहुधा इथेच निघतो. खरेदीपूर्वी प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल मोजून घ्यावे. ज्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त, तो झिजलेला. जुन्या डिझेल फिल्टरमध्ये धातूचा चमकदार कीस सापडला तर पंप आतून झिजत आहे असे समजावे, आणि मग पंप, रेल व इंजेक्टर सगळेच बदलण्याची पाळी येऊ शकते. चालू इंजिनावर या पाइपांचे नट कधीही सैल करू नयेत; एवढ्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि ती जखम बाहेरून लहान दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

पिकअपचा जीव तिच्या चॅसिसमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात, असतो. इंजिन बदलता येते, पण गंजलेली किंवा वाकलेली चॅसिस दुरुस्त करून विश्वासाने ओझे वाहणे अवघड आहे. गाडीखाली जाऊन मागच्या पाट्यांच्या (पानांच्या स्प्रिंगच्या) कड्या, चाकांमागचा भाग आणि टोचनाचा हुक बसवलेली जागा हातोडीने हलके ठोकून पाहावी. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा बद्द येतो. नुकताच मारलेला काळा लेप दिसला तर तपासणी अधिक कसून करावी. पाट्यांना वाढीव पाने लावलेली असतील किंवा हौद्याचा तळ खोल दबलेला असेल, तर गाडीने क्षमतेहून जास्त माल वाहिला आहे आणि क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांनीही तो भार सोसला आहे. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी संगणकात फेरफार केलेल्या जुन्या गाड्या मी कोणालाही सुचवणार नाही.

गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर लावताना दोषांची यादी कोरी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. अंतर्गत चाचण्या अपूर्ण दाखवत असतील तर यादी नुकतीच पुसलेली असण्याची शक्यता असते.

गाडी घेतल्यानंतर मागच्या मालकाने काय बदलले यावर विसंबू नये. इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट, गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे ऑइल आणि ब्रेक ऑइल एकाच वेळी बदलून तारीख व किलोमीटर वहीत लिहावेत, आणि यासाठीची रक्कम खरेदीच्या वेळीच बाजूला ठेवावी. टायमिंग बेल्ट (पिस्टन व व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारा पट्टा) असलेल्या इंजिनात तो बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर बेल्ट, टेन्शनर व वॉटर पंप एकत्र बदलावेत. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बहुतेक वेळा वरचे इंजिन वाया जाते.

पुढची देखभाल नियमाने करायची आहे. ऑइल बदलण्याचे अंतर पुस्तिकेतील सर्वसाधारण वापराचे धरू नये. ओझे, धूळ आणि छोट्या फेऱ्या असतील तर कठीण वापरासाठी दिलेले कमी अंतर पाळावे. डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे, कारण काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जळून जाते, पण ऑइलमधील घटकांची राख त्या फिल्टरमध्ये कायमची साचते. अशी गाडी केवळ जवळच्या फेऱ्यांना वापरली तर काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते आणि त्यासाठी फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. म्हणून अधूनमधून तिला सलग अर्धा तास तरी मोकळ्या रस्त्यावर चालवावे. धुरातील घातक वायू कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण लागणाऱ्या गाडीत ३२.५ टक्के युरिया असलेले प्रमाणित द्रावणच भरावे.

डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी नियमित काढावे आणि दिवा लागण्याची वाट पाहू नये. फिल्टर बदलल्यावर हँड पंप दाबून हवा काढावी. नव्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूत डब्यातील डिझेल ओतले तर न गाळलेला कचरा सरळ पंपात जातो. चढ चढून किंवा ओझे ओढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, कारण टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असते आणि तापलेल्या अवस्थेत ऑइलचा पुरवठा थांबला तर तिची बेअरिंगे जळतात.

झिजलेला टर्बो ऑइल आत ओढू लागला तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर बेफाम धावू शकते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. हाताच्या गिअरच्या गाडीत अशा वेळी सर्वात वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक वेळी डिझेल भरताना ऑइलची पातळी पाहून वहीत नोंदवावी आणि दर हजार किलोमीटरला ऑइल पूर्वीपेक्षा जास्त लागू लागले, की टर्बोचा पाइप उघडून दांडीचा ढिलेपणा लगेच तपासावा.