बडोद्याच्या उन्हाळ्यात ॲझो रंग करताना

बडोद्यात एप्रिल-मे म्हणजे नळाचं पाणीही कोमट, आणि ॲझो रंगाचा (दोन नायट्रोजन अणूंच्या बंधाने, म्हणजे ॲझो बंधाने, जोडलेल्या रंगाचा) प्रयोग बहुतेक वेळा उष्णतेनेच बिघडतो. म्हणून रसायनं मोजण्याआधी बर्फ फोडा, त्यात मूठभर मीठ मिसळा आणि ॲनिलिन, नायट्राइट व नॅफ्थॉल ही तिन्ही द्रावणं त्यात गार करा.

३ मिली पाणी आणि ३ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्लात १ मिली ॲनिलिन विरघळवा. हातमोजे घालाच, ॲनिलिन कातडीतून शिरतं. ०.८ ग्रॅम सोडियम नायट्राइट ४ मिली पाण्यात, १.६ ग्रॅम बीटा-नॅफ्थॉल १० टक्क्यांच्या १२ मिली कॉस्टिक सोड्यात. आम्ल घालताना हात आखडू नका. ते कमी पडलं तर उरलेलं ॲनिलिन नायट्राइटमुळे त्याच्यापासूनच तयार झालेल्या डायझोनियम क्षाराला चिकटतं आणि पिवळा गाळ बसतो.

ॲनिलिनमध्ये नायट्राइट थेंबाथेंबाने घाला, पारा ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. बुडबुडे आले की समजा नायट्रोजन निघून चाललाय, मागे फिनॉल उरतंय. तो घाणा गेला. शेवटच्या थेंबानंतर ३-४ मिनिटं थांबून काचकांडीने स्टार्च-आयोडाइड कागदावर ठिपका द्या. टेकताक्षणी निळा डाग उमटला तरच नायट्राइट पुरेसं झालं. मिनिटभराने उमटणारा डाग हवेमुळे येतो, त्याच्यावर विसंबू नका. डाग फारच गडद असेल तर चिमूटभर युरिया टाका. द्रावण लगेच वापरा, सुकवू मुळीच नका: कोरड्या डायझोनियम क्षाराचा स्फोट होतो.

आता हे द्रावण ढवळत ढवळत नॅफ्थॉलमध्ये सोडा. शेंदरी-लाल रंग लगेच धरतो. लाल लिटमस निळा व्हायलाच हवा, कारण नॅफ्थॉल अल्कलीतच नीट जोडलं जातं. गाळून, धुऊन ग्लेशियल असेटिक आम्लातून स्फटिक करा; वितळणबिंदू सुमारे १३१ अंश.

हाच सुदान-१. मिरचीपुडीतल्या भेसळीत हा सापडतो, खाद्यपदार्थांत त्याला बंदी आहे. मोरीत ओतू नका.

कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत १८९० पासून रंगाई शिकवणाऱ्या या गावात फार्मसीच्या मुलांनी या रंगांची दुसरी बाजूही शिकावी. प्रोन्टोसिल हा लाल ॲझो रंग परीक्षानळीत जंतूंवर निष्प्रभ, पण शरीरात ॲझो बंध तुटून सल्फानिलामाइड हे जंतुरोधक औषध सुटतं आणि तेच काम करतं. १९३५ साली हे उलगडलं. आतड्याच्या सुजेवरच्या सल्फासलाझिन या औषधाचा ॲझो बंध मोठ्या आतड्यातले जंतू तोडतात. कावीळ तपासणाऱ्या लॅबमध्ये बिलिरुबिन हे पित्तातलं पिवळं द्रव्यही डायझो अभिकर्मकाशी (सल्फानिलिक आम्ल आणि नायट्राइटच्या मिश्रणाशी) जोडून मोजतात. म्हणून सल्फानिलिक आम्ल आणि नायट्राइटच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, वापरायच्या वेळीच मिसळा. कालचं मिश्रण वापरलं तर बिलिरुबिन खोटं कमी दिसतं.