साठीनंतर कोळंबी बाधली, तर गोळ्यांचा डबाही तपासा

जन्मभर कोळंबीचं कालवण खाल्लेल्या माणसालाही ६५व्या वर्षी कोळंबीची अ‍ॅलर्जी होऊ शकते. ‘इतकी वर्षं तर काही झालं नाही’ म्हणून पुन्हा खाऊन बघू नका.

आधी एक वही करा. काय खाल्लं, किती वाजता, कोणती गोळी घेतली, किती वेळाने काय झालं, सगळं लिहा. अ‍ॅलर्जी बहुतेकदा काही मिनिटांत ते २ तासांत दिसते: गांध्या, खाज, ओठांना सूज, उलटी, धाप. म्हाताऱ्या माणसांना कधी नुसतीच चक्कर येते आणि घरचे बीपी मोजत बसतात.

गोळ्या लिहायच्या त्या अशासाठी, की रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही ओठ-जीभ सुजते. अंगावर गांधी उठत नाही, आणि गोळी सुरू होऊन महिने उलटल्यावरही हे होतं, म्हणून खापर मासळीवर फुटतं. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅकमुळे अन्नाची रिअ‍ॅक्शन वाढू शकते. मेटोप्रोलॉल ही बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर गंभीर अ‍ॅलर्जीत द्यायच्या अ‍ॅड्रेनलिन इंजेक्शनचा असर कमी पडू शकतो. डॉक्टरांना आधीच सांगा. मनाने एकही गोळी बंद करू नका.

बर्फाविना राहिलेला बांगडा खाऊन सगळ्या घराचेच चेहरे लाल झाले, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे, खराब होऊ लागलेल्या मासळीत तयार होणाऱ्या हिस्टामिनची विषबाधा.

कोळंबीतलं बाधणारं प्रथिन शिजवल्याने जात नाही. त्यामुळे जवळा, सुकट, सोडेही बंद. चिंबोरी आणि तिसऱ्या तपासणी होईपर्यंत नकोत. पापलेट-सुरमईचं प्रथिन वेगळं असतं. ती उगाच सोडू नका, या वयात प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात. मात्र खाणावळीत कोळंबीच्याच तेलात सुरमई तळतात का, हे विचारा.

अ‍ॅलर्जीच्या त्वचेवरच्या चाचणीआधी सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी साधारण आठवडाभर थांबवावी लागते. रक्ताच्या चाचणीला नाही. खाऊन कधीच त्रास झाला नसेल, तर नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून पदार्थ सोडू नका.

धाप लागली, आवाज बसला किंवा गरगरलं, तर १०८ला फोन करा. आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकवून बसवा. चालवू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिन लिहून, शिकवून दिलं असेल तर लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या. मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा ०.५ मिलिग्रॅम, ५ मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. सेटिरिझिन देऊन वाट बघू नका, तिने खाज जाते, श्वास मोकळा होत नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबा, कारण त्रास उलटू शकतो.